डबल बेल

चौथा दिवस. पोट गप्प.
डॉक्टर हुक्केरी सकाळी येतात,
स्टेथोस्कोप तळहातावर चोळून ऊब देतात,
टाक्यांच्या कडेकडेनं चार ठिकाणी टेकवतात.
मी त्यांच्या भुवया बघत राहतो.
"गाळी होय्ता?"
मी मान हलवतो.
मग तेच मराठीत, जणू त्या भाषेत उत्तर वेगळं येईल:
"वारा सरला काय, देसूरकर?"

एकवीस वर्षं मी बेळगाव-चंदगड गाडीवर.
हिंडलगा, सुळगा, बाची, शिनोळीचा नाका.
दोरी माझ्या हातात.
एक घंटी, थांब. दोन, चल.
कोण कुठं चढलं, कुणाचे तीन रुपये द्यायचे राहिले,
सगळं माझ्या डोक्यात.
आणि माझ्याच आत वीस-पंचवीस फुटांची ही वाट
कुणाच्या हुकमावर चालते, मला पत्ता नाही.

शिवलीला सिस्टर सलाईन बदलता बदलता सांगते:
दोन तऱ्हेच्या नसा असतात, मामा.
एक संकट दिसलं की रक्त पायांकडं हाकते,
आतड्याला म्हणते, आत्ता नको.
दुसरी कवटीतून निघते, मानेतून खाली उतरते, भटकी बाई,
छातीत चार घरं हिंडून जठरापाशी येऊन बसते,
म्हणते, हां, आता सावकाश.
तुमचं पोट कापलं, आत हात घातले.
पहिलीनं अजून दोरी सोडलेली नाही.

पहिली माझ्या ओळखीची.
नाक्याअलीकडं गाडी अडवली होती त्या दिवशी
पाटीवरच्या कानडी अक्षरांना कुणी डांबर फासत होतं.
आदल्या महिन्यात पलीकडच्या गाडीची मराठी पाटी फासली होती.
डब्याला चिकटलेला ब्रशसुद्धा तसलाच.
तिसऱ्या खिडकीची काच फुटली
आणि माझ्या तोंडात थुंकी उरली नाही.
संध्याकाळी शांतव्वानं डबा उघडला:
भाकरी, वांगं, शेंगदाण्याची चटणी, सगळं तसंच.
भूक नव्हती, मी म्हटलं.
आतल्या नाक्यावर कुणीतरी शटर ओढलं होतं,
मला न विचारता.

स्वायत्त म्हणतात म्हणे तिला.
सिस्टर हा शब्द दोन्ही भाषांत सारखाच बोलते.
मी तो फक्त सभांतून ऐकला होता,
लाउडस्पीकरवर.

रात्री गोकाकचा म्हातारा शेजारच्या खाटेवर घोरतो.
शांतव्वा खाली चटईवर.
मी मनातल्या मनात दोरी ओढतो. टण टण. चल.
काही नाही.
यल्लम्माला नारळ बोलतो. दोन बोलतो.
काही नाही.
मग कंटाळतो. पंख्याची एक पाती वाकडी आहे,
तिच्याकडं बघत राहतो,
वाट बघायचंही विसरतो.

बहुतेक तेव्हाच.
बेंबीच्या डावीकडं, विहिरीत घागर बुडताना येतो तसा
एक बुडबुडा.
थांबला.
मग दुसरा, लांबडा, वळण घेत,
घाटात पहिल्या गिअरवर कण्हणाऱ्या गाडीसारखा.

"उठ गं. ऐक."
ती डोकं आडवं करून टाके चुकवत कान टेकते.
खोबरेल, फिनेल, झोप.
थोरलीच्या वेळी मी असाच कान लावला होता तिला,
तेव्हाही आतलं कुणी माझं ऐकत नव्हतं.
"काय तरी वाजूलंय हो,"
म्हणते, आणि तोंडावर पदर घेऊन हसत सुटते,
कारण पुढचा आवाज ऐकायला
कान लावायची गरजच पडली नाही.

घोरणं थांबलं.
"होय्ता?" म्हाताऱ्यानं अंधारातून विचारलं.
"होय्तु, अज्जा."
पलीकडच्या खाटेवरही कुणीतरी खुदकलं.

सकाळी हुक्केरी दोन चमचे पाणी लिहून देतात.
शांतव्वा चमचा ओठांशी धरते.
पाणी जिभेवर.
गिळेपर्यंत माझी हद्द.
मी लगेच गिळत नाही.